इंटरनेटचा मुनीम पत्ता विसरतो तेव्हा

व्यापारी घराण्यांत नाव आणि पत्ता यांना फार जुने मोल आहे. हुंडी कोणाच्या नावे लिहिली आहे आणि ती कोणत्या पेढीवर वटणार आहे, हे नेमके ठाऊक असल्याखेरीज रक्कम हलत नसे. मालकाला गावोगावच्या आडत्यांची नावे तोंडपाठ असत. त्यांचे पत्ते मात्र मुनिमाच्या वहीत असत. मुनीम रजेवर गेला किंवा वहीतील नोंद जुनी झाली, तर रस्ते तेच, आडते तेच, पैसाही गाठीशी. तरीही पत्र योग्य दारी पोहोचत नसे.

आज व्यापाराचा मोठा भाग इंटरनेटवरून चालतो आणि तेथेही असाच एक मुनीम बसलेला आहे. त्याचे नाव डोमेन नेम सिस्टीम, म्हणजेच डीएनएस. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून, दुकान वाढवून, महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्यास बसावे आणि पडद्यावर 'डीएनएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग' अशी ओळ उमटावी, हा अनुभव आता अनेक घरांना परिचित आहे. कोणीतरी राउटर बंद करून पुन्हा चालू करतो, काम सुरू होते आणि चार दिवसांनी तीच ओळ पुन्हा दिसते.

ही अडचण किरकोळ नाही. कर देय असलेले ३बी विवरणपत्र उशिरा भरल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते आणि थकीत करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज चढते. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवायचा, तर ई-वे बिलाशिवाय ट्रक दारातून हलत नाही. यास्तव हा दोष कसा उद्भवतो, तो कोठे शोधावा आणि कायमचा कसा निस्तरावा, हे प्रत्येक घरातील निदान एका व्यक्तीने तरी समजून घेणे हिताचे आहे. त्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. रोजमेळ जुळत नसताना चूक जशी एकेक नोंद तपासून शोधतात, तीच शिस्त येथे पुरते.

मुनिमाचे नेमके काम

इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. माणसाला असे आकडे लक्षात ठेवणे कठीण, म्हणून तो नाव टाइप करतो आणि डीएनएस त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देते. पत्ता मिळाल्यावर संगणक थेट त्या सर्व्हरशी बोलतो.

इंटरनेटच्या बाल्यावस्थेत ही सर्व नावे एकाच यादीत मावत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालील माहिती केंद्र ती यादी सांभाळत असे आणि इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले, तशी एक यादी अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. एका वहीऐवजी जबाबदाऱ्या वाटून घेतलेल्या अनेक वह्या, हे त्याचे सूत्र होते. ते आजही टिकून आहे.

जीएसटीच्या संकेतस्थळाचे उदाहरण घ्यावे. घरातील संगणक प्रथम राउटरला पत्ता विचारतो. राउटर तो प्रश्न इंटरनेट पुरवठादाराच्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवतो. त्यालाही ठाऊक नसेल, तर तो सर्वांत वरच्या मूळ सर्व्हरकडे जातो. या मूळ सर्व्हरांची १३ नावे आहेत आणि त्यांच्या प्रती भारतासह जगभर ठेवलेल्या आहेत. मूळ सर्व्हर सांगतो, '.इन' या आडनावाची वही अमुक ठिकाणी आहे. '.इन'ची वही निक्सी ही भारतीय संस्था सांभाळते. तेथून सरकारी नावांच्या वहीकडे आणि तेथून जीएसटीच्या वहीकडे बोट दाखवले जाते. ही सगळी विचारपूस बहुधा डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पूर्ण होते.

दरवेळी एवढी धावपळ नको, म्हणून प्रत्येक टप्प्यावर मिळालेले उत्तर काही काळ साठवून ठेवतात. किती काळ, हे ज्याचे नाव आहे त्यानेच ठरवायचे असते. कोणी ५ मिनिटे ठरवतो, कोणी १ तास, तर कोणी संपूर्ण दिवस. पत्ता बदलला आणि साठवलेली नोंद मात्र जुनीच राहिली, तर मुदत संपेपर्यंत चुकीचे उत्तर मिळू शकते. मुनिमाच्या वहीत आडत्याचा जुना पत्ता राहून जावा, तसाच हा प्रकार होय.

रस्ता बंद आहे की पत्ता हरवला आहे?

'नेट चालत नाही' या एका वाक्यात दोन निराळे दोष लपलेले असतात. एकात रस्ताच तुटलेला असतो. दुसऱ्यात रस्ता मोकळा असून पत्ता सापडत नसतो. उपाय भिन्न असल्याने हा भेद सर्वांत आधी करावा.

पहिली खूण डोळ्यांना दिसणारी आहे. फायबरच्या पेटीवर 'एलओएस' असे लिहिलेला दिवा लाल पेटला असेल, तर घरापर्यंत प्रकाशाचा संकेतच येत नाही. तो डीएनएसचा दोष नव्हे. पुरवठादाराला कळवणे एवढाच त्यावर इलाज आहे.

दिवे व्यवस्थित असतील, तर दुसरी कसोटी लावावी. विंडोजच्या संगणकात 'कमांड प्रॉम्प्ट' उघडावा. तेथे इंग्रजीत 'पिंग' लिहून, एक जागा सोडून ८.८.८.८ हा आकडी पत्ता इंग्रजी अंकांत टाइप करावा. नंतर त्याच रीतीने 'पिंग'पुढे एखाद्या परिचित संकेतस्थळाचे नाव लिहावे. आकड्याला उत्तर आले आणि नाव मात्र 'सापडत नाही' असे दिसले, तर रस्ता मोकळा असून मुनीम चुकतो आहे. दोन्ही निष्फळ ठरले, तर रस्त्याचाच संशय घ्यावा. नावापुढे आकडी पत्ता दिसला आणि नंतर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आले, तर मुनिमाने आपले काम केलेले आहे. पलीकडचा सर्व्हर पिंगला उत्तर देत नाही एवढाच त्याचा अर्थ. अनेक संस्था सुरक्षिततेसाठी तसे मुद्दाम करतात.

येथे एक फसगत संभवते. रस्ता तुटलेला नसून नुसता खडबडीत असेल, म्हणजे पाठवलेल्या शंभरांतील दहावीस पुडकी वाटेत गळत असतील, तर पडद्यावर प्रथम डीएनएसचीच तक्रार उमटू शकते. कारण प्रत्येक कामाचा पहिला प्रश्न पत्त्याचा असतो. म्हणून आठ-आठ-आठ-आठला चार वेळा न विचारता पन्नास वेळा विचारावे. त्यासाठी 'पिंग'नंतर जागा सोडून आडवी छोटी रेघ, तिला जोडून इंग्रजी 'एन' हे अक्षर, पुन्हा जागा सोडून ५० आणि मग तो पत्ता लिहावा. शेवटी किती पुडकी हरवली, याचा टक्का दिसतो. तो शून्य किंवा त्याच्या जवळपास असावा. टक्का ठळकपणे अधिक असेल, तर आधी संगणक वायरने थेट राउटरला जोडून तीच चाचणी घ्यावी. वायरवर गळती थांबली, तर वाय-फाय कमकुवत आहे. तरीही राहिली, तर तारेचा किंवा पुरवठादाराचा दोष आहे.

पडद्यावरील ओळ वाचावी

घाईत बहुतेकजण पडद्यावरील इंग्रजी ओळ न वाचताच खिडकी बंद करतात. वस्तुतः त्या ओळीतच निम्मे निदान दडलेले असते. शेवटी 'एनएक्सडोमेन' असेल, तर मुनिमाने उत्तर दिले आहे आणि ते 'या नावाचे कोणी नाही' असे आहे. अशा वेळी प्रथम टाइप केलेले नाव तपासावे. एक अक्षर चुकले तरी हेच उत्तर येते. 'टाइम्ड आउट' किंवा 'नो इंटरनेट' असेल, तर मुनिमाने उत्तरच दिलेले नाही. 'सर्व्हफेल' म्हणजे त्याने शोध घेतला, परंतु वरच्या एखाद्या वहीत गडबड आढळली.

एकच संकेतस्थळ उघडत नसेल आणि बाकी सर्व सुरळीत असेल, तर मोबाइलचा स्वतःचा डेटा चालू करून तेच संकेतस्थळ पाहावे. तेथेही ते उघडत नसल्यास घरातील राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद पडले होते. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातील एका चुकीने तिचे स्वतःचे डीएनएस सर्व्हरच जगाला दिसेनासे झाले होते. त्या रात्री घरातला राउटर कितीही वेळा बंद-चालू केला असता, तरी उपयोग होणार नव्हता.

तीन मुनिमांना एकच प्रश्न

दोष डीएनएसचाच आहे असे ठरल्यावर तो कोणत्या टप्प्यावर आहे, हे शोधावे. या कामी विंडोजमधील 'एनएसलुकअप' ही आज्ञा फार उपयुक्त आहे. तिच्यापुढे नुसते संकेतस्थळाचे नाव लिहिले, तर संगणक आपल्या नेहमीच्या मुनिमाला विचारतो. तो मुनीम बहुतेक घरांत राउटरच असतो आणि त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नावापुढे एक जागा सोडून दुसऱ्या मुनिमाचा आकडी पत्ता लिहिला, तर तोच प्रश्न त्या दुसऱ्याला विचारला जातो.

दोष प्रत्यक्ष चालू असतानाच हा प्रश्न तिघांना विचारावा: राउटरला, पुरवठादाराच्या डीएनएस सर्व्हरला आणि ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक सर्व्हरला. पुरवठादाराच्या सर्व्हरचा पत्ता राउटरच्या स्थितीदर्शक पानावर दिसतो. तो आधीच एका कागदावर उतरवून ठेवावा.

राउटर गप्प आणि उरलेले दोघे बोलत असतील, तर दोष राउटरमध्ये आहे. राउटर आणि पुरवठादार दोघे गप्प, परंतु सार्वजनिक सर्व्हर उत्तर देत असेल, तर दोष पुरवठादाराकडे आहे. तिघेही गप्प असतील, तर पुन्हा रस्त्याकडे वळावे. तिघांनीही उत्तर दिले आणि तरीही ब्राउझर अडत असेल, तर दोष त्या संगणकातच, किंबहुना बहुधा त्या ब्राउझरमध्येच आहे.

एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहिल्यावाचून तिचे पूर्ण स्वरूप कळत नाही, हा अनेकांताचा संस्कार जैन घरांत लहानपणापासून होतो. येथेही तो उपयोगी पडतो. एका मुनिमाचे मौन म्हणजे साऱ्या इंटरनेटचे मौन नव्हे.

राउटर बंद-चालू करण्याची सवय याच कारणाने महागात पडते. तसे केल्याने दोष तात्पुरता लपतो आणि त्यासोबत पुरावाही पुसला जातो. ती उधारी फिटत नाही. फक्त पुढच्या तारखेवर जाते. म्हणून आधी वरील तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. यास पाच मिनिटेही लागत नाहीत. नंतर राउटर खुशाल बंद-चालू करावा.

खाली दुकान, वर घर

महाराष्ट्रातील लहानमोठ्या बाजारपेठांत अनेक व्यापारी कुटुंबांचे दुकान तळमजल्यावर आणि बिऱ्हाड वरच्या मजल्यावर असते. फायबरची पेटी दुकानात बसवलेली असते. वरच्या मजल्यावर वाय-फाय पोहोचत नाही, म्हणून घरात पडून असलेला जुना राउटर कोणीतरी वायरने जोडून देतो. वर नेट चालू होते आणि सगळे समाधान पावतात. वारंवार येणाऱ्या डीएनएसच्या दोषाचे मूळ कित्येकदा याच जोडणीत असते.

कोणताही फोन वाय-फायला जोडला गेला, की तो जाळ्यात पुकारा करतो: 'मला पत्ता द्या आणि मुनीम कोण तेही सांगा.' हे काम राउटरमधील 'डीएचसीपी' नावाची सोय करते. एका घरात अशी सोय एकाच ठिकाणी चालू असावी. जुन्या राउटरमध्येही ती चालूच राहिली, तर पुकाऱ्याला दोघेजण उत्तर देऊ लागतात आणि ज्याचे उत्तर आधी पोहोचेल, ते फोन स्वीकारतो. खालच्या राउटरचे उत्तर आधी आले, तर सारे सुरळीत. वरच्या जुन्या राउटरचे आधी आले, तर फोन त्यालाच मुनीम समजतो. आणि त्या बिचाऱ्याकडे बाहेर जाण्याची वाटच नसते. परिणामी एकाच वेळी वडिलांचा फोन चालतो आणि मुलाचा लॅपटॉप चालत नाही, संध्याकाळी नेमके उलटे होते. दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता एकच असेल, तर गोंधळ अधिकच वाढतो.

उपाय सोपा आहे आणि एकदाच करावा लागतो. जुन्या राउटरच्या मांडणीत 'अॅक्सेस पॉइंट' असा पर्याय असल्यास तो निवडावा. नसल्यास त्यातील डीएचसीपी बंद करावी, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरहून वेगळा ठेवावा, जसे १९२.१६८.१.२, आणि मुख्य राउटरकडून आलेली वायर त्याच्या 'वॅन' खाचेत न घालता 'लॅन' खाचेत घालावी. दोष कधी या उपकरणावर, कधी त्या उपकरणावर उमटत असेल, तर इतर सर्व उपायांआधी ही जोडणी तपासावी.

इतर नेहमीची कारणे

दोष नेहमी एकाच उपकरणावर येत असेल, तर त्या उपकरणाची मांडणी पाहावी. हिशेबनिसाच्या लॅपटॉपमध्ये एखाद्या कार्यालयाचा डीएनएस पत्ता कायमचा भरून ठेवलेला असतो आणि तो त्या कार्यालयाबाहेर चालत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये २०१८ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय आली आहे. तेथे एखादे नाव हाताने भरले असेल आणि त्या सर्व्हरपर्यंत पोहोचता आले नाही, तर फोनला कोणतेच नाव सापडत नाही. अशा वेळी तो पर्याय 'ऑटोमॅटिक'वर ठेवावा. क्रोम आणि फायरफॉक्स यांतही 'सिक्युअर डीएनएस'ची स्वतंत्र सोय आहे. त्यामुळे एक ब्राउझर चालतो आणि शेजारचा चालत नाही, असे विचित्र दृश्य कधीकधी दिसते. व्हीपीएन आणि काही अँटिव्हायरस हेही पत्त्याच्या प्रश्नात मध्यस्थी करतात; तपासणीपुरते ते एकेक करून बंद ठेवून पाहावेत.

जुनी साठवण हे आणखी एक कारण. विंडोजमध्ये ती पुसण्यासाठी 'आयपीकॉन्फिग' लिहून, जागा सोडून तिरकी रेघ व तिला जोडून 'फ्लशडीएनएस' असे टाइप करावे. फोनमध्ये एअरप्लेन मोड क्षणभर चालू करून बंद केला, तरी बहुधा तेवढेच काम होते.

दर काही दिवसांनी सगळीच उपकरणे एकदम अडतात, 'एनएसलुकअप'च्या परीक्षेत राउटर नापास होतो आणि बंद-चालू केल्यावर काही दिवस सर्व ठीक चालते, अशी लक्षणे असतील, तर राउटर जुना झाला असण्याचा संभव आहे. टीव्ही, कॅमेरे, फोन असा घरातील पसारा वाढलेला असतो आणि राउटरची स्मृती तेवढीच राहिलेली असते. त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहावे. तरीही गुण न आल्यास राउटर बदलून घ्यावा. विजेचा दाब सतत खालीवर होणाऱ्या भागांत पेटी आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवणे केव्हाही चांगले.

दुसरा मुनीम नेमताना

पुरवठादाराचा डीएनएस सर्व्हर वारंवार गप्प बसत असेल, तर सार्वजनिक सर्व्हर वापरता येतात. गुगलने २००९ मध्ये ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हे पत्ते खुले केले. क्लाउडफ्लेअरने २०१८ मध्ये १.१.१.१ सुरू केला. क्वाड-नाइनचा ९.९.९.९ हा सर्व्हर धोकादायक म्हणून ओळखल्या गेलेल्या नावांचा पत्ता देण्याचे नाकारतो. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता धोकादायक संकेतस्थळांबरोबर प्रौढांसाठीचा मजकूरही अडवतो. लहान मुले असलेल्या घरांनी याचा अवश्य विचार करावा. या सर्व सेवा विनामूल्य आहेत.

हा बदल शक्यतो राउटरमध्ये करावा, म्हणजे घरातील बहुतेक उपकरणांना तो आपोआप लागू होतो. काही पुरवठादारांच्या राउटरमध्ये ती जागा कुलूपबंद असते. तसे असल्यास प्रत्येक उपकरणात स्वतंत्रपणे करावा. आज अनेक जोडण्यांवर जुन्या आयपीव्ही-४ बरोबर नवी आयपीव्ही-६ पद्धतही चालू असते आणि दोन्हींचे मुनीम वेगवेगळे नोंदलेले असतात. एकाच ठिकाणी बदल केला, तर संगणक दुसऱ्या वाटेने जुन्याच मुनिमाला विचारीत राहतो. 'पत्ता बदलला तरी गुण नाही' असे म्हणणाऱ्या कित्येक घरांत हेच घडलेले असते.

आणखी एक विवेक बाळगावा. मुनिमाला पेढीची सारी गुपिते कळतात, तसे डीएनएस सर्व्हरला घरातून कोणकोणत्या संकेतस्थळांची विचारणा होते, ते कळत असते. म्हणून कोणी परिचिताने सुचवला म्हणून अनोळखी आकडा राउटरमध्ये कदापि भरू नये.

खोटा मुनीम

ही सूचना काल्पनिक भीतीपोटी केलेली नाही. 'डीएनएस चेंजर' या नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातील सुमारे ४० लाख संगणकांचे मुनीम गुपचूप बदलले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने हे कारस्थान उघडकीस आणले. बाधित संगणक तोवर खोट्या सर्व्हरांवर इतके विसंबले होते, की ते एकदम बंद केल्यास लक्षावधी लोकांचे इंटरनेट ठप्प झाले असते. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या जागी काही काळ शुद्ध सर्व्हर चालवावे लागले. ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले.

खोटा मुनीम बँकेचे नाव विचारल्यावर ठगाच्या दुकानाचा पत्ता देऊ शकतो. त्यापासून बचावाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. राउटरमधील डीएनएसचे आकडे महिन्यातून एकदा कागदावरील नोंदीशी ताडून पाहावेत. बँकेच्या पानावर ब्राउझरने प्रमाणपत्राविषयी इशारा दिला, तर 'तरीही पुढे जा' हे बटण दाबण्याचा मोह टाळावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक.इन' या खास आडनावाखाली नेण्यास सांगितले होते. हे आडनाव फक्त बँकांनाच मिळते. म्हणून आपल्या बँकेचे नवे नाव समजून घेऊन जुन्या खुणा ब्राउझरमधून काढून टाकाव्यात.

दुसरा धोका त्याहून साधा आणि अधिक घातक आहे. नेट अडल्यावर गडबडीने मोबाइलवर 'कस्टमर केअर'चा क्रमांक शोधला जातो, समोर येणारा क्रमांक ठगाचा असतो आणि तो 'दुरुस्तीसाठी' एक अॅप उतरवून घेण्यास सांगतो. त्या अॅपमधून त्याला फोनचा पडदा दिसू लागतो आणि मग खाते रिकामे होण्यास वेळ लागत नाही. डीएनएसच्या दुरुस्तीसाठी ओटीपी, यूपीआयचा पिन किंवा बँकेचा तपशील कधीही लागत नाही. पुरवठादाराचा क्रमांक बिलावरून घेऊन भिंतीवर लिहून ठेवावा. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पैसे पाठवत असतानाच जोडणी तुटली, तर तोच व्यवहार लगेच पुन्हा करू नये. मोबाइल डेटावरून खात्याचा उतारा पाहावा, रक्कम गेली की नाही याची खात्री करावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

तक्रारीची नोंदवही

वारंवार येणारा दोष पकडण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे एक साधी वही. तारीख, वेळ, कोणते उपकरण, कोणते संकेतस्थळ, पडद्यावरील नेमकी ओळ, तीन मुनिमांची उत्तरे आणि केलेला उपाय, एवढे रकाने पुरेत. दहा-बारा नोंदी झाल्या, की त्यांतून एक रीत दिसू लागते. दोष रोज रात्री नऊ ते अकरा याच वेळेत येत असेल आणि पुरवठादाराचा सर्व्हरच गप्प असेल, तर त्याच्यावर गर्दीचा ताण पडतो आहे. वीज गेल्यानंतर येत असेल, तर राउटर आणि पेटी यांकडे पाहावे. पाहुणे आल्यावर येत असेल, तर राउटरची क्षमता अपुरी पडत असावी. उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोन-तीन दिवस वाट पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि दोष परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

'नेट चालत नाही' एवढ्याच तक्रारीला 'राउटर रीस्टार्ट करा' हेच उत्तर मिळते. याउलट, 'गेल्या पंधरवड्यात सात वेळा आपल्या डीएनएस सर्व्हरने उत्तर दिले नाही; त्याच वेळी आठ-आठ-आठ-आठ उत्तर देत होता; या तारखा आणि वेळा' असे सांगितले, तर पलीकडच्या माणसाला ते टाळता येत नाही. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून वहीत लिहावा. समाधान न झाल्यास त्या क्रमांकाच्या आधारे पुरवठादाराच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

एवढे करूनही यंत्र ते यंत्रच. म्हणून विवरणपत्रांची कामे शेवटच्या तारखेच्या रात्रीवर न ठेवता दोन-तीन दिवस आधी उरकावीत आणि मोबाइल हॉटस्पॉटवरून संगणक कसा जोडावा, हे घरातील प्रत्येक जाणत्या व्यक्तीने एकदा करून पाहावे. दुकानाला मागचे दार असते, तसा नेटलाही एक पर्यायी मार्ग हाताशी असावा. पेढीचा मुनीम कितीही विश्वासू असला, तरी शहाणा मालक अधूनमधून त्याची वही स्वतः चाळत असे. इंटरनेटच्या मुनिमाच्या बाबतीतही तीच रीत ठेवावी.